भाचीला, समुपदेशकाच्या खुर्चीत बसण्याआधी

बेटा, पहिली गोष्ट वेळेची. नवे समुपदेशक बहुतेक चाचण्या दहावीच्या निकालानंतर घेतात, कारण तेव्हा पालक आपणहून दारात येतात. पण तोवर उशीर झालेला असतो. मार्क हातात आलेले असतात, अकरावीच्या फॉर्मची तारीख डोक्यावर असते आणि काकापासून शेजारच्या वकिलांपर्यंत सगळ्यांचे सल्ले देऊन झालेले असतात. त्या गर्दीत तुझा रिपोर्ट म्हणजे आणखी एक मत. म्हणून चाचणी नववीत घे, दिवाळीची सुट्टी संपल्यावर. नागपूरची थंडी तेव्हा आपल्या बाजूने असते. मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, कूलरच्या घरघरीत तुझी सूचना शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. वेळ लावून घ्यायच्या चाचणीत एक सूचना हुकली की अख्खा भाग वाया जातो आणि कागदावर लिहिलं जातं, ‘मुलाची क्षमता कमी’. सकाळची वेळ ठेव. मुलांना खाऊन यायला सांग. तर्रीपोहे खाऊन आली तरी चालेल, फक्त हात धुऊन उत्तरपत्रिकेला लावा म्हणावं.

दुसरी गोष्ट, कुठली चाचणी काय मोजते ते आधी स्वतःच्या डोक्यात स्वच्छ करून घे. आवड वेगळी, क्षमता वेगळी, स्वभाव वेगळा. हे तिन्ही एकाच चाचणीत निघतं असं जो सांगेल, त्याच्याकडून काही विकत घेऊ नकोस. तुला आठवत असेल, 2016 मध्ये आपल्या राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीसाठी कलचाचणी सुरू केली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशी सात क्षेत्रं त्यात होती. उपक्रम मोठा होता. खेड्यापाड्यातल्या शाळांतही ‘पोराची आवड काय’ हा प्रश्न पहिल्यांदा अधिकृतपणे विचारला गेला, हे त्याचं श्रेय मी देते. पण सुरुवातीला ती फक्त कल मोजत होती, अभिक्षमतेचा भाग नंतर जोडला गेला. निकालाचा कागद हातात पडला की घरोघर त्याचा अर्थ व्हायचा, ‘सरकारनं सांगितलं, हा कॉमर्सला जाईल.’ सरकारने तसं काही सांगितलेलं नव्हतं. मुलाने जे सांगितलं तेच गटवारीने त्याला परत दिलं होतं. पुढे कोविडच्या काळात ती चाचणी खंडित झाली, पण तो गैरसमज आजही प्रत्येक पालकसभेत भेटतो. तो दूर करायला दोन वाक्यं तयार ठेव.

तुझ्या शाळेत सीबीएसईची तुकडी आहे, म्हणून हेही ध्यानात ठेव. 2019 मध्ये एनसीईआरटी आणि सीबीएसईने मिळून नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ नावाची अभिक्षमता चाचणी आणली. भाषा, अमूर्त तर्क, शाब्दिक तर्क, यांत्रिक तर्क, संख्या, अवकाश आणि आकलनाचा वेग असे तिचे सात भाग. ती ऐच्छिक आहे, तिच्यात पास-नापास नाही. आम्ही जुन्या पिढीतल्या लोकांनी अमेरिकेत 1947 मध्ये निघालेल्या डिफरेन्शियल ॲप्टिट्यूड टेस्टच्या साच्यातल्या चाचण्या वापरल्या. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांतावर मराठीत केलेलं कामही बघून ठेव. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीत विचारलेला प्रश्न किती वेगळं उत्तर आणतो, ते तिथे कळतं.

आता भाषेचंच घेते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. चाचणीसोबत एक पुस्तिका येते. तिच्यात मानकं कोणत्या मुलांवर काढली ते लिहिलेलं असतं. ते पान आधी वाच. महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर बसवलेली मानकं घेऊन तू रामटेककडच्या आश्रमशाळेतून आलेल्या, घरी गोंडी बोलणाऱ्या पोरीचा शाब्दिक तर्क मोजलास, तर तू तिचं इंग्रजी मोजलंस, तर्क नाही. अशा वेळी अमूर्त तर्काचा आकडा बघायचा. त्यात शब्द नसतात, आकृत्या असतात. शाब्दिक खाली आणि अमूर्त वर असं दिसलं, तर त्या मुलीला भाषेची मदत हवी आहे. तिला ‘कमी हुशार’ म्हणून बाजूला काढू नकोस. यांत्रिक तर्कात मुलींचे आकडे खाली आले की असंच थांबून विचार. तिने कधी सायकलची उतरलेली चेन बसवली आहे का? मिक्सर उघडून बघितला आहे का? आपल्याकडच्या बहुतेक घरांत पाना-पकड मुलाच्या हातात जाते, मुलीच्या नाही. जे हातात आलंच नाही, त्यात ती कच्ची आहे असं म्हणायला तुझ्याकडे आधार काय?

आकडे सांगताना जपून. ‘62 शततमक’ असं म्हटलंस की बाप म्हणतो, ‘बासष्टच?’ त्याला ते मार्क वाटतात. त्याला सांग, याच्या वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली तर हा साधारण बासष्ट जणांच्या पुढे आहे. आणि 58 व 64 मध्ये काही फरक नसतो, हे स्वतःलाही दर वेळी बजाव. तेच पोरगं पुढच्या आठवड्यात बसलं तर ते दोन आकडे अदलाबदल होऊन येऊ शकतात. म्हणून मी पालकांपुढे आकडा ठेवतच नसे. ‘इथे जोर आहे, इथे बेताचं आहे, इथे मेहनत लागेल’ एवढे तीन पट्टे पुरतात. नेमका आकडा फाइलमध्ये राहू दे.

बाजारातल्या रिपोर्टांबद्दल स्पष्टच बोलते. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणारे लोक नागपुरातही फिरतात, शाळांमध्ये स्टॉल लावायला परवानगी मागतात. ठशांवरून करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही. मुख्याध्यापकांनी तुझं मत विचारलं तर एवढं एक वाक्य पुरे. ‘पण आमच्या मुलाचं अगदी बरोबर आलं हो’ असं पालक म्हणतील. त्यांना बर्ट्रम फोररची गोष्ट सांग. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये वर्गातल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘तुझा’ म्हणून जो अहवाल दिला, तो सगळ्यांना एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अहवाल किती अचूक वाटतो, यावर मुलांनी 5 पैकी सरासरी 4 च्या वर गुण दिले. ‘तुमच्यात सुप्त क्षमता आहे, पण तुम्ही स्वतःवर फार टीका करता’ हे वाक्य कोणत्याही पंधरा वर्षांच्या पोराला आपलंच वाटणार. रिपोर्टमधलं एखादं वाक्य वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही लागू पडत असेल, तर ते खोडून टाक.

दुसरा प्रकार अधिक साळसूद. एखादा क्लास ‘मोफत अभिक्षमता चाचणी’ ठेवतो. त्याचे रिपोर्ट मी पुष्कळ बघितले. शेवटच्या पानावर सल्ला काहीही असो, त्याखाली त्याच क्लासच्या बॅचची फी छापलेली असते. चाचणी घेणारा आणि जागा विकणारा एकच असेल, तर ती चाचणी मोजत नाही. नाव घेऊन भांडू नकोस. पालकांना फक्त विचार, ‘या चाचणीत कधी कुणाला आयटीआयचा सल्ला मिळाला का हो?’

आता खरं काम. चाचणी घेणं सोपं आहे, कुणालाही आठवड्यात शिकवता येतं. अवघड असतात रिपोर्ट हातात आल्यावरची पंधरा-वीस मिनिटं. पोर कुठल्या वाटेने जातं ते तिथे ठरतं.

मुलाला आधी एकट्याला बोलव. आईवडील बाहेर बसू दे, चहा पिऊ दे. काटोलहून आलेले एक वडील खुर्चीत बसायच्या आधीच मला म्हणाले होते, “पोरगं हुशार हाये मॅडम, डॉक्टर होईन का इंजिनिअर, तेवढं सांगून द्या.” मुलगा शेजारी उभा, मान खाली. अशा खोलीत मूल खरं बोलत नाही. आणि एकट्या मुलालाही ‘तुला काय व्हायचंय’ असं विचारू नकोस. याचं उत्तर त्याने चौथीपासून पाठ केलेलं असतं. ‘काल शाळेतून घरी गेल्यावर काय केलंस?’ असं विचार. ‘कुठलं काम कुणी न सांगता करतोस?’ असं विचार. महाल-इतवारीकडचं पोरगं असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या मारबतीबद्दल विचार. बडग्याचा पुतळा बांधायला कोण होतं, वर्गणी कुणी काढली, यंदा बडग्या कुणाच्या नावाचा करायचा ते कुणी ठरवलं? बांबू वाकवून सांगाडा उभा करणारा एक असतो, हिशेब ठेवणारा दुसरा, मिरवणुकीत घोषणा रचणारा तिसरा. अवकाशीय क्षमता, संख्या आणि भाषा, तिन्ही तुला त्या एका गल्लीत दिसतील. हे निरीक्षण आकड्यांशी जुळलं तर विश्वास ठेव. जुळलं नाही तर आकड्यावर शंका घे, पोरावर नाही.

आवडीची परीक्षा मात्र थोडी कडक घे. गणवेशाची आवड असलेली मुलं आपल्याकडे भरपूर. त्याला विचार, ‘पहाटे रेशीमबागेच्या मैदानावर पळायला जातोस का?’ जात असेल तर ती आवड आहे. नसेल तर सिनेमा आहे, आणि सिनेमा आवडणं हा काही गुन्हा नाही. पण त्यावर अकरावीची शाखा ठरवायची नाही.

याच मुलांसाठी एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते, ती तू जोड. डोळे तपासून घे. आपलं शहर रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे लोको पायलट व्हायचं म्हणणारी पोरं दर वर्गात दोन-चार निघतात. त्या पदाला चष्म्याशिवाय स्वच्छ नजर लागते आणि रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. वैमानिक, मर्चंट नेव्ही, सैन्यातल्या बऱ्याच शाखा, सगळीकडे रंगदृष्टीची अट आडवी येते. रंगीत ठिपक्यांतून आकडा वाचायची इशिहारा चाचणी मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या नेत्र विभागात होते, पाच मिनिटांचं काम. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलग्यांमध्ये साधारण बारात एक एवढं आढळतं, मुलींमध्ये फार क्वचित. पोराने पाच वर्षं स्वप्न बघून वैद्यकीय तपासणीच्या दिवशी परत यावं, यापेक्षा नववीत कळलेलं बरं.

आणि आवड कुठून येते, हे कधी विसरू नकोस. जे बघितलंच नाही त्याची आवड पोराला कशी असेल? कलचाचणीतल्या ‘आवडतं – आवडत नाही’ च्या चौकटी भरताना ते ज्या कामांना नकार देतं, त्यातली अर्धी त्याने ऐकलेलीही नसतात. फ्रँक पार्सन्सने 1908 मध्ये बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं पहिलं केंद्र काढलं, तेव्हा त्याने हेच मांडलं होतं: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला. चाचण्या पहिलं करतात. दुसऱ्यासाठी शाळेने पाय हलवावे लागतात. आणि या बाबतीत नागपूरच्या मुलांइतकी सोय फार थोड्या शहरांत असेल, हे मी गावाच्या अभिमानाने नाही, हिशेबाने सांगते.

अमरावती रोडवरून एक फेरी मार. लक्ष्मीनारायण संस्था तिथे आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली, तेल आणि रंगांचं रसायनशास्त्र शिकवणारी. त्याच रस्त्यावर पुढे मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलाला कुणी सांगतच नाही की संत्र्याच्या झाडाचे रोग शोधणं हा पगारी पेशा आहे आणि तो त्याच्या घरापासून तासाभरावर आहे. वर्धा रोडला 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था. शहरातच नीरी, 1958 पासून पाण्या-हवेचं काम करणारी. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, स्फोटकांच्या सुरक्षिततेचं देशाचं मुख्य कार्यालय सेमिनरी हिल्सवर. वेकोलि आणि मॉइल या दोन खाण कंपन्यांची मुख्यालयंही इथेच. आणि तरी आपल्या वर्गात ‘भूगर्भशास्त्र’ म्हटलं की मुलं विचारतात, “त्यात नोकरी लागते का, मॅडम?” अगं, त्या नोकऱ्या ज्या इमारतींतून दिल्या जातात, त्यांच्यासमोरून यांची स्कूल बस जाते!

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय मला विशेष जवळचं. 1956 मध्ये स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले अग्निशमन अधिकारी तिथे प्रशिक्षण घेतात, फायर इंजिनिअरिंगची पदवीही तिथे होते. यांत्रिक तर्क चांगला, अंगात रग, वर्गात बसवत नाही, अशा पोरांना ते आवार दाखवायचं. काहींची नजर तिथेच बदललेली मी पाहिली आहे. 1958 पासून चालू असलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात अशा मुलींना ने, ज्यांना जीवशास्त्रात रस आहे पण नीटच्या रांगेत ‘एमबीबीएस नाही तर काहीच नाही’ असं ऐकून ज्या दबल्या आहेत. मिहानमधली विमानांच्या देखभालीची मोठी शेड आहेच. विमान दुरुस्तीच्या परवान्यासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं, हे तिथे बघून आलेलं पोरगं गणित सोडायच्या आधी दोनदा विचार करतं.

गणिताचं आलंच आहे तर सांगते. अकरावीत विषय निवडताना रिपोर्ट बाजूला ठेव आणि कोणत्या निवडीने कोणतं दार बंद होतं ते एका कागदावर लिहून दे. गणित सोडलं तर अभियांत्रिकी जवळपास गेली, जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीय गेलं. द्विलक्षी विषय घेताना त्याच्या बदल्यात काय सुटतंय, हे मुलांना ऑगस्टमध्ये कळतं, तेव्हा बदलायची सोय राहत नाही. ज्याची खात्री होत नाही, त्याला दोन्ही ठेवायला सांग. दोन वर्षं जरा ओझं होईल, पण निर्णय पुढे ढकलता येतो, आणि पंधराव्या वर्षी निर्णय पुढे ढकलणं हा पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय असतो.

पैशाबद्दल बोलायला लाजू नकोस. बरेच समुपदेशक घरची परिस्थिती विचारत नाहीत, त्यांना ते असभ्य वाटतं. मग रिपोर्टमध्ये जे सुचवलं ते घराला झेपत नाही, आणि पोर समजतं की आपलंच काही चुकलं. वडिलांना सरळ विचार, ‘पुढची चार वर्षं शिकवू शकता की दोन वर्षांत घरात मदत हवी?’ दुसरं उत्तर आलं तर तोंड पाडू नकोस. दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं, त्यावर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, हा जिना आहे. त्यात शिकाऊ उमेदवारी जोडली की हातात विद्यावेतनही येतं. त्यासाठी 1961 पासून कायदा आहे. सदरचं शासकीय तंत्रनिकेतन 1914 पासून याच कामाला उभं आहे. पण हा जिना ‘कमी मार्कवाल्यांचा’ म्हणून सांगितलास तर एकही पोरगं चढणार नाही. यांत्रिक आणि अवकाशीय क्षमता वरच्या पट्ट्यात असलेल्या, चांगल्या मार्कांच्या मुलापुढेही तो ठेव, मग इतर मुलं त्याकडे सरळ नजरेने बघतील. शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटीचा फॉर्म कधी निघतो, कागद कोणते लागतात, हे तुझ्या टेबलावर छापील असावं. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसल्याने अडलेली मुलं मी क्षमता नसलेल्या मुलांपेक्षा जास्त बघितली.

पालकांना आत घेशील तेव्हा रिपोर्ट मुलाने वाचून दाखवायचा, तू नाही. तो जिथे अडखळेल तिथे तू बोल. एकच करिअर सांगून उठू नकोस, तीन वाटा सांग आणि तिन्हींसाठी उद्या करायचं एकेक काम सांग: कुणाला भेटायचं, कुठे जायचं, कुठलं पुस्तक आणायचं. आणि वडिलांनी ‘तुम्हीच ठरवून द्या’ म्हटलं तरी ठरवू नकोस. तुझ्या सहीवर गेलेलं पोर अडचणीत आलं की तुझ्याकडे येत नाही, घरात तुझं नाव निघतं एवढंच.

एक प्रत शाळेत ठेव आणि अकरावीच्या दिवाळीत त्या मुलांना परत बोलव. तेव्हा काय जमतंय, काय नाही, ते विचार आणि त्याच कागदावर लिही. दोन-तीन वर्षांत तुझ्याकडे तुझ्या शाळेच्या मुलांची स्वतःची नोंद तयार होईल, ती कुठल्याही विकतच्या पुस्तिकेपेक्षा जास्त कामाची.

आणि सहलीचं आत्तापासून धर. केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये शाळेची मुलं न्यायची तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र बरंच आधी द्यावं लागतं. डिसेंबरमध्ये न्यायची असतील तर पत्र गणपतीच्या सुट्टीआधी टाक. अग्निशमन महाविद्यालयाचं आधी लिही, त्याला वेळ लागतो.